सकाळची शिल्लक

पहाटे पावणेपाच

कपाटातली लोखंडी पेटी काढते, नोटा मोजते, वहीत लिहिते: सुरुवातीची शिल्लक ३,४६०. मग गुडघे टेकते. हा क्रम मी ठरवून ठेवला आहे. पूर्वी आधी प्रार्थना व्हायची आणि मोजणी दुपारवर जायची. किती कमी उरलंय ते कळू नये म्हणूनच मी ती ढकलते आहे, हे एके दिवशी माझ्या ध्यानात आलं. तेव्हापासून देवापुढे जाताना आकडा बरोबर नेते.

पाथर्डी तालुक्यातलं हे मुलींचं वसतिगृह आमची ख्रिस्ती मंडळी चालवते. एकतीस मुली, सगळ्या ऊसतोड कामगारांच्या. दिवाळी आटोपली की आईबाप कारखान्याकडे निघतात, ते मार्च-एप्रिलला परततात. मुलगी बरोबर गेली तर फडावर धाकट्या भावंडांना सांभाळते आणि तिची शाळा सुटते ती सुटतेच. बहुतेक मुली ख्रिस्ती नाहीत. प्रार्थनेला बसायची सक्ती कुणावर नाही, आणि जेवणाचा प्रार्थनेशी संबंध आम्ही कधी जोडत नाही.

सहा

पाच लिटर दूध, २८० रुपये, रोजच्या रोज. “महिन्याचं एकदम द्या की बाई,” दूधवाला दर आठवड्याला म्हणतो. मी नको म्हणते.

मंडळीकडून येणारी रक्कम तांदूळ, वीज आणि घरपट्टीतच संपते. बाकी सगळं या पेटीतून. पेटीसाठी आम्ही कुणाकडे मागायला जात नाही. कुणी विचारलं तर खरं ते सांगतो. आणि उधारी नाही. ही शिस्त आम्ही जॉर्ज म्युलर यांच्याकडून घेतली. १८३६ साली ब्रिस्टल शहरात भाड्याच्या घरात त्यांनी अनाथ मुलांचं काम सुरू केलं आणि आयुष्यभरात दहा हजारांवर मुलं सांभाळली. गरज असताना त्यांनी कुणा माणसापुढे हात पसरला नाही, कर्जही काढलं नाही. मात्र वर्षाचा जमाखर्च पैशापैशाने छापला. १८४१ च्या अखेरीस तिजोरी पार रिकामी होत आली होती. नेमकी तीच वार्षिक अहवालाची वेळ. अहवाल वाचून लोकांनी पैसे पाठवले असते. म्युलरनी तो मुद्दाम पुढे ढकलला, कारण अडचणीच्या काळातला अहवाल म्हणजे मागणीच झाली असती. इतका कस माझ्यात नाही. पण उधारीपुरतं त्यांचं बोट मी धरलं आहे.

‘प्रभू पुरवील’ म्हणायचं आणि किराणावाल्याला तीन-तीन महिने थांबवायचं, हे मी सेवाकार्यात पुष्कळ पाहिलंय. त्या महिन्यांत पुरवठा किराणावाला करत असतो, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

साडेसात

वेण्या, डबे, एका मुलीची तुटलेली चप्पल. आठला घर रिकामं होतं.

नऊ

पाळकसाहेब येतात. “सलाम, बाई.” दोघं मिळून कालच्या पावत्या तपासतो. पेटीला दोन कुलपं आहेत, एक किल्ली माझ्याकडे, एक त्यांच्याकडे; पहाटेपुरती त्यांची किल्ली वॉर्डनकडे असते आणि मोजताना वॉर्डनही समोर बसते. लोक म्हणतात, देवाच्या कामात एवढा संशय कशाला? यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली होती, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. त्याचं करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय मी नव्या पंचांना आवर्जून वाचायला देते. प्रभूच्या बारा जणांत पैशाची थैली ज्याच्याकडे होती तो कोण, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

पूर्वी एका मोठ्या संस्थेमार्फत आम्हाला परदेशातून दर एप्रिलमध्ये ठरावीक रक्कम यायची. २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावा असं ठरलं, आणि एका संस्थेला आलेली परदेशी देणगी तिनं दुसरीला द्यायची नाही, असंही ठरलं. आमची वाट त्या दुसऱ्या कलमानं बंद झाली. पहिले सहा महिने मी घाबरले होते. मग एक गोष्ट समजली: वर्षानुवर्षं मी ‘देव देतो’ म्हणत होते, पण मनातून विसंबून होते त्या एप्रिलच्या रकमेवर.

साडेदहा

गावातली एक विधवा बहीण दाराशी आली. शेतमजुरी करते. मोबाईलवर एक प्रचारक रोज दिसतो म्हणाली. त्यानं सांगितलंय, महिन्याची कमाई ‘बी’ म्हणून पेरा, शंभरपट परत येईल. तिच्या पदराला दोन हजार बांधलेले. “तिकडं पाठवता येईना मला. तुम्हीच घ्या बाई, देवाचंच काम.”

पेटीत तीन हजार एकशे ऐंशी होते. तिचे दोन हजार मी तिच्या हातात परत दिले आणि बसवून घेतलं. तिनं प्रश्न केला तो बरोबरच होता: विधवेच्या दोन दमड्यांचं प्रभूनं कौतुक केलं ना? केलं. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या ओळींत तो शास्त्र्यांना दोष देतो, विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना. दोन्ही एकाच दमात वाचायला हवं. गरिबाला चौपट-शंभरपटीची आशा लावून त्याची मजुरी घेणारा माणूस त्या शास्त्र्यांच्या रांगेतला आहे, आणि हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगायला आपली मंडळी कचरते याचं मला फार वाईट वाटतं.

ती रिकाम्या हातानं जायला तयार होईना. पन्नास रुपये दिले तिनं. ते मी घेतले, पावती केली. देण्याचा तिचा हक्क मी कोण नाकारणार?

एक

भाजी ३१०. गिरणीचं दळण १००. गॅसची टाकी आली, १,७८०. पेटीत १,०४०.

अडीच

जीप थांबली. मुकादम. आमच्या निम्म्या मुलींचे आईबाप याच्याच टोळीत आहेत.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, आणि ती उसाच्या तोडणीतून फेडायची असते. आजारपण आलं, खाडे झाले, की फिटत नाही. बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि माणूस पुन्हा त्याच्याच टोळीत बांधला जातो.

त्यानं अकरा हजार टेबलावर ठेवले. मुलाचा वाढदिवस आहे, पोरींना गोडाचं जेवण घाला, वर राहतील ते तुमच्या कामाला. मी पावतीपुस्तक ओढलं. तेवढ्यात म्हणाला, “आणि बाई, त्या सातवीतल्या पोरीला दोन महिने सोडा. तिच्या आईचे दिवस भरलेत, कोयता अर्धा पडलाय. बापाची उचल फिटायची कशी?”

माझा हात थांबला. खोटं कशाला बोलू, मनात हिशेब झालाच होता: स्वयंपाकाच्या मावशींचा सहा हजार पगार पाच दिवसांवर, तेलाचा डबा, वर थोडे उरतात. हीच देवानं पाठवलेली मदत नसेल कशावरून, असंही एक क्षण वाटलं. मदत अशा वेळी आली की माणूस ती कुठून आली ते बघत नाही. पण अब्राहामानं सदोमाच्या राजाकडून सुताचा धागा किंवा वहाणेचा बंदसुद्धा घेतला नव्हता, उद्या त्यानं ‘मी याला धनवान केलं’ म्हणू नये म्हणून. ती मुलगी माझ्याकडे तिच्या आईबापानं सोपवली आहे.

मी पैसे त्याच्याकडे सरकवले. चहा दिला. मुलगी परीक्षेपर्यंत इथून हलणार नाही, असं सांगितलं. तो चिडला नाही, पुन्हा येईन म्हणाला. तो गेल्यावर माझे हात कापत होते. लगेच मुलीच्या बापाला फोन लावला. लागला नाही.

साडेचार

निवृत्त शिक्षक दर महिन्याला पेन्शनचा दशांश वेगवेगळ्या कामांना वाटतात. आज आमची पाळी होती, त्यांनी एक हजार दिले. माझ्याकडे काय घडलं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. मुकादमाचे अकरा हजार नाकारले म्हणून देवानं संध्याकाळी बारा हजार पाठवले, अशी साक्ष मला देता येणार नाही. एक हजार आले.

सहा

एका शेतकऱ्यानं बाजरीचं पोतं टाकलं, पन्नास किलो. रविवारी उपासनेत अर्पण आलेल्या कोंबड्या-अंड्यांचा लिलाव करतो तसं हे नाही, हे थेट कोठीत. मुलींनी ओढून नेलं. सातवीतली ती त्यांच्यातच होती.

रात्री नऊ

मावशी भांडी आवरून बसल्या होत्या. त्यांच्याशी बोलणं जड गेलं. माझ्या विश्वासाची किंमत भलत्याच्या पदरी पडू नये, ही माझी सगळ्यात मोठी भीती आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ती कळेल. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला. ते मोठंच होतं. पण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि घर चालवायचं असे लक्ष्मीबाईंना. म्हणून मावशींना आजच सांगितलं: एक तारखेला पूर्ण पगार जमला नाही तर आधी माझं मानधन थांबेल, तुमचं नाही. पंचांनी मागच्या वर्षी तसा ठराव केला आहे.

पंडिता रमाबाईंचं केडगाव इथून काही तासांवर. त्यांना बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या मंडळानं दहा वर्षं खर्चाची हमी दिली होती. ती मुदत संपत आली असतानाच त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला आणल्या. म्युलर यांची हकीकत त्यांनीही वाचली होती, आणि हिंदुस्थानातही देवावर तसंच विसंबता येईल का, हा प्रश्न त्यांना पडला होता. पण म्हणून त्या हात जोडून बसून राहिल्या नाहीत. विहिरी खणल्या, फळबाग लावली, मुलींना छापखान्याचं काम शिकवलं. प्रार्थनाही केली, कामही केलं.

दहा

मुलीच्या बापाचा फोन लागला. सांगली जिल्ह्यात आहे. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “बाई, पोरगी तिथंच ठेवा. बायकोला मी बघतो.”

वही बंद केली. शिल्लक २,०४०. कोठीत बाजरी पन्नास किलो. मावशींच्या पगाराला ३,९६० कमी.