उच्छ्वासातलं कण्हणं

पहाटे तीन-चारच्या सुमाराला शेजारी झोपलेलं माणूस खोल श्वास घेतं आणि मग लांबलचक, एकसुरी कण्हत तो सोडतं. कधी दोन-चार सेकंद, कधी चाळीसच्याही वर. शेवटी छोटासा सुस्कारा, आणि पुन्हा तेच. चेहऱ्यावर वेदना नसते. हलवलं की आवाज थांबतो, माणूस ‘काय झालं?’ विचारतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. झोप उडते ती घरातल्यांची.

वैद्यकशास्त्रात याला कॅटाथ्रेनिया म्हणतात. बेल्जियमच्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. २००१ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी ‘झोपेतल्या विचित्र वर्तनाचा नवा प्रकार’ म्हणून त्याची मांडणी केली. पुढे झोपेच्या विकारांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो झोपेतल्या श्वसनाच्या विकारांत गेला. ही हलवाहलव मला महत्त्वाची वाटते, कारण प्रश्न मनाचा किंवा स्वप्नाचा नसून श्वासाचा आहे, हे त्यातून मान्य झालं. कण्हणारं माणूस दुःखात असतं, असा कुठलाही पुरावा नाही.

घोरणं मुख्यतः श्वास आत घेताना होतं, हे कण्हणं श्वास सोडताना. स्वनयंत्राची फट अरुंद होते आणि हवा तिच्यातून हळूहळू बाहेर पडते. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत हे जास्त घडतं, म्हणून रात्रीचा उत्तरार्ध. रक्तातला प्राणवायू सहसा घटत नाही. तरी तपासणीच्या आलेखात लांबलेला उच्छ्वास श्वास थांबल्यासारखा दिसतो आणि आवाज ऐकला नाही तर निदान चुकतं.

विकाराची सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास होते. म्हणजे तो उघड होतो वसतिगृहात, नाहीतर लग्नानंतर. नव्या सुनेच्या कण्हण्याला घरात काय काय नावं पडू शकतात, हे वेगळं सांगायला नको. बाहेरची बाधा, उशाखाली लोखंड, देवऋषी. तिला स्वतःला तर आवाजाचा पत्ताच नसतो. ज्याची साक्ष ती देऊ शकत नाही, त्याचाच जाब तिला द्यावा लागतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

मात्र पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात रात्रीच्या कण्हण्याकडे नुसतं दुर्लक्ष करूनही चालत नाही. त्याचं कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूण अनेकदा दिसतही नाही. माणूस जागं होतं ते पोटदुखीनं, उलटीनं, घसा धरल्यानं. घरात वाटतं पित्त झालं. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. नारायणगावच्या डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले, गावोगाव प्रबोधन केलं. मण्यारीच्या विषावर नाग, घोणस, फुरसे यांच्यासह चालणारं प्रतिविष आहे, गरज पडली तर कृत्रिम श्वास देता येतो. फक्त वेळ भगताकडे जाता कामा नये.

म्हणून कुणी कण्हलं तर आधी त्याला हलवून उठवावं. नीट डोळे उघडले, स्पष्ट बोलला, घोटभर पाणी सहज गिळलं आणि पोटातही दुखत नसेल, तर काळजीची धार बरीच कमी होते. पापण्या उचलत नसतील, बोबडी वळत असेल, गिळता येत नसेल किंवा पोटात कळ असेल, तर खूण शोधत न बसता गाडी काढावी.

घाबरण्यासारखं काही नसेल आणि आवाज रोजचाच असेल, तर मोबाइलवर दोन-तीन रात्रींचं ध्वनिमुद्रण करावं. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, हे त्यात ऐकू येतं. डॉक्टरांच्या दृष्टीनं यापेक्षा मोलाची माहिती घरून दुसरी मिळत नाही, कारण पुण्याला जाऊन करायची झोपेची रात्रभराची तपासणी महाग आणि दगदगीची आहे. सोबत घोरणं, दम कोंडून जाग येणं, दिवसा पेंग असेल तर मात्र ती टाळू नये. तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा विकार असू शकतो आणि तो हृदयाला त्रास देतो.

कॅटाथ्रेनियाच्या उपचारात हवेचा सौम्य दाब देणारं सीपॅप यंत्र वापरतात. स्टॅनफर्डच्या गिल्मिनो यांच्या गटानं २००८ मध्ये कण्हणाऱ्या स्त्रियांना त्याचा उपयोग झाल्याचं नोंदवलं. सगळ्यांना तो होतोच असं नाही. पुष्कळ जण उपचार घेतच नाहीत, आणि निदान पक्कं असेल तर त्यात गैर काही नाही. फार तर शेजारच्यानं कानात बोळे घालावेत.