ख्रिस्ती श्रद्धेत चमत्कार कशासाठी? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि घरं विकायला असतात. पाय दुखत असेल तो पाय वाहतो, घराची अडचण असेल तो घर. वाहणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. नवस आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे ख्रिस्ती चमत्कारही आपण त्याच मापाने मोजतो. बायबलातलं आणि चर्चच्या नियमांतलं चित्र मात्र बरंच वेगळं आहे.

गैरसमज : लोकांची खात्री पटावी म्हणून येशूने चमत्कार केले.

वस्तुस्थिती : खात्रीसाठी कुणी चमत्कार मागितला की येशूने साफ नकार दिला. परूशी या ज्यू पंथाचे लोक आकाशातून चिन्ह मागायला आले, तेव्हा तो त्यांना तिथेच सोडून नावेत बसून निघून गेला (मार्क 8). सैतानाने त्याला दगडांच्या भाकरी करायला आणि मंदिराच्या टोकावरून उडी टाकायला सांगितलं. त्याने दोन्ही धुडकावलं. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक त्याला राजा करायला निघाले, तर तो एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान 6). त्याच अध्यायाच्या शेवटी त्याची शिकवण जड वाटून बरेच अनुयायी पांगतात. चमत्काराची भाकरी पोटभर खाऊनही श्रद्धा बसत नाही, हे शुभवर्तमानकारांनी लपवलेलं नाही.

गैरसमज : चमत्कार म्हणजे दैवी शक्तीचं प्रदर्शन.

वस्तुस्थिती : मार्कचा पाचवा अध्याय बारकाईने वाचावा. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि येशू त्याच्या घरी निघालाय. वाटेत गर्दीतून एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. तिला बारा वर्षं रक्तस्राव होतोय. होतं नव्हतं ते वैद्यांच्या हाती गेलंय. त्यातून मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध, तिला शिवेल तोही अशुद्ध. ती बरी होते. गोष्ट इथेच संपली असती तरी चाललं असतं. पण येशू थांबतो, कोण शिवलं ते विचारतो आणि ती पुढे आल्यावर चारचौघांत तिला मुलगी म्हणून हाक मारतो. तोवर अधिकारी ताटकळत उभा!

याईराच्या घरी सगळं उलट होतं. आकांत करणाऱ्यांना येशू बाहेर काढतो. आत फक्त आईबाप आणि तीन शिष्य. मुलगी उठल्यावर तो दोनच गोष्टी सांगतो : हे कुणाला कळू देऊ नका, आणि हिला काहीतरी खायला द्या. शक्ती मिरवायची असती तर मेलेल्या मुलीचं उठणं गावभर झालं असतं. बाईचं बरं होणं त्याने उघड केलं, कारण तिला माणसांत परत आणायचं होतं. कुष्ठरोग्यालाही तो याजकाकडे पाठवतो, ते याचसाठी. याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय त्याला कुणी गावात घेत नसे. देवाचं राज्य आलं की दूर लोटलेल्या माणसाचं काय होईल, ते या चमत्कारांत आधीच दिसतं.

गैरसमज : श्रद्धा पक्की असेल तर रोग बरा होतोच, औषध घेणं हा अविश्वास.

वस्तुस्थिती : प्रेषित पौलाने आपल्या शरीरातल्या एका पीडेसाठी तीनदा प्रार्थना केली, ती पीडा गेली नाही. तिमथ्य या शिष्याला त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आणि त्रफिम या सहकाऱ्याला आजारीच मिलेत शहरात मागे ठेवलं. त्यांच्या श्रद्धेत खोट होती, असं नवा करार कुठेच म्हणत नाही. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी कुणाच्या पापाचं हे फळ असं विचारलं, तेव्हा येशूने तो हिशेबच नाकारला.

मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशनचं इस्पितळ उभं केलं, ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नाही. आजाऱ्याला बरं करणं हे येशूचंच काम, ते शस्त्रक्रियेनेही करता येतं, असं मानणारी ही परंपरा आहे. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणं हा तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे, मग बुवा कोणत्याही धर्माचा असो.

गैरसमज : चर्च चमत्कार जाहीर करायला टपलेलंच असतं.

वस्तुस्थिती : फ्रान्समधलं लूर्द हे तीर्थक्षेत्र घ्या. 1858 पासून तिथे बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. कॅथलिक चर्चने 2025 पर्यंत मान्य केले फक्त 72. आजार गंभीर होता का, निदान पक्कं होतं का, सुधारणा अचानक आणि पूर्ण झाली का, ती टिकली का, उपचारांनी तिचा उलगडा होतो का, हे सगळं डॉक्टर तपासतात. अशा कसोट्या पुढे पोप झालेल्या लांबेर्तिनी यांनी 18व्या शतकातच लिहून ठेवल्या होत्या. डॉक्टर फक्त वैद्यकीय कारण सापडत नाही एवढंच सांगतात. चमत्कार हा शब्द उच्चारायचा अधिकार बिशपचा. संतपदाच्या प्रकरणात व्हॅटिकनच्या सात तज्ज्ञांपैकी किमान पाच जणांचं एकमत लागतं. तरीही वाद होतात. मदर तेरेसांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यासाठी मानलेल्या चमत्काराचं श्रेय बंगालमधल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी औषधांना दिलं होतं.

गैरसमज : चमत्कार करून दाखवल्याशिवाय संत होता येत नाही.

वस्तुस्थिती : मोजला जातो तो मृत्यूनंतरचा चमत्कार; तोही देवाने, संताच्या मध्यस्थीमुळे केलेला. हुतात्म्याला धन्यवादित ठरवायला आज त्याचीही अट नाही. बाणावलीत जन्मलेल्या जोसेफ वाझ यांना 2015 मध्ये कोलंबोत संत घोषित करताना पोप फ्रान्सिस यांनी संतपदासाठी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट माफ केली. डच राजवटीत श्रीलंकेतल्या कॅथलिकांसाठी लपतछपत फिरणारा आणि कँडीत देवीच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करणारा हा गोंयकार. त्याचं आयुष्य पुरेसं बोलत होतं. प्रोटेस्टंट पंथांत तर ही प्रक्रियाच नाही, आणि प्रेषितांनंतर असे चमत्कार थांबले असं मानणारेही त्यांच्यात आहेत.

गैरसमज : मग चमत्कार वगळून नुसती शिकवण घेतली तरी चालेल.

वस्तुस्थिती : हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी 1820 च्या सुमारास शुभवर्तमानांतले उतारे कापून, चमत्कार गाळून स्वतःचं पुस्तक चिकटवलं. ते कबरीवर धोंड लोटली जाते तिथे संपतं. नीतीचं पुस्तक म्हणून ते वाचता येईल, पण ख्रिस्ती श्रद्धा सुरू होते ती त्यापुढच्या तिसऱ्या दिवशी. ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास फुकट, असं पौलाने करिंथकरांना स्पष्ट बजावलं. गंमत अशी, की तो उठण्याचा क्षण कुणी पाहिल्याचं चारपैकी एकही शुभवर्तमान सांगत नाही. बायकांनी बातमी आणली, तेव्हा प्रेषितांना आधी ती बडबड वाटली. ज्यावर सगळं उभं आहे, तेही साक्षीवरच स्वीकारायचं असतं.

म्हणूनच लूर्दचा एखादा चमत्कार मला पटत नाही असं म्हणणारा माणूस उत्तम कॅथलिक राहू शकतो, चर्च त्याला अडवत नाही. पुनरुत्थानाबाबत मात्र ती मोकळीक नाही.