गाळखताचे धातू आणि आपले ताट

शहराचे सांडपाणी शुद्ध केल्यावर जो गाळ उरतो, त्यात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय द्रव्ये मुबलक असतात. असा गाळ शेताला देणे हिताचे वाटते आणि पुष्कळ अंशी ते खरेही आहे. मात्र घरगुती सांडपाण्याबरोबर कारखान्यांचे आणि धातूंना मुलामा देणाऱ्या व्यवसायांचे पाणीही अनेकदा त्याच गटारात मिसळते. त्यातील कॅडमियम, शिसे, जस्त, तांबे व निकेल गाळात उतरतात. प्रक्रियेने बरेच रोगजंतू मरतात. धातू मात्र मूलद्रव्ये असल्यामुळे कुजत नाहीत की विरघळून नाहीसे होत नाहीत.

याचा बोलका पुरावा इंग्लंडमधील वोबर्न येथे मिळाला. रॉथमस्टेड संशोधन केंद्राच्या तेथील शेतात १९४२ ते १९६१ या काळात गाळखत घातले गेले. ते थांबवून वीस वर्षे उलटल्यावर तपासणी झाली, तेव्हा धातूंचा मोठा भाग वरच्या थरातच आढळला. आपल्या बरसीमच्या जातकुळीतील पांढरे क्लोव्हर तेथे खुरटले होते. मुळांवर गाठी होत्या, परंतु त्यांतील जिवाणू हवेतील नत्र बांधून देण्यास असमर्थ ठरले होते.

माणसाच्या दृष्टीने यांतील कॅडमियम विशेष चिंतेचे. जस्त आणि तांबे अती झाल्यास पिकालाच आधी इजा करतात. कॅडमियम मात्र हिरव्यागार, निरोगी दिसणाऱ्या पिकातूनही ताटात येते. ते मूत्रपिंडात साठते आणि शरीरातून निम्मे बाहेर पडण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. शरीरात लोह कमी असल्यास ते अधिक शोषले जाते. म्हणून पंडुरोग असलेल्या स्त्रियांनी व मुलांनी त्यावर वेळीच उपचार घ्यावेत. धूम्रपान हाही कॅडमियमचा मोठा स्रोत आहे.

पालेभाज्या व कंदमुळे हा धातू फळभाज्यांपेक्षा सामान्यतः अधिक घेतात. स्वच्छ धुण्याने चिकटलेली माती आणि तिच्यातील शिसे जाते. पेशींत शिरलेले कॅडमियम जात नाही. आम्लधर्मी जमिनीत पीक ते अधिक शोषते. अशा जमिनीत योग्य प्रमाणात चुना घातल्यास शोषण घटते, पण धातू मातीतच राहतो.

भारताच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसे १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. गाळखत घेताना शेतकऱ्याने, किंवा गच्चीवर बाग करणाऱ्या गृहिणीनेही, धातूंच्या तपासणीचा अहवाल अवश्य मागावा. मृदा आरोग्य पत्रिकेत कॅडमियम व शिसे यांची नोंद नसते. त्यांची चाचणी वेगळी करून घ्यावी लागते. मातीत एकदा मिसळलेला धातू काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून खरी सावधगिरी खत पसरण्यापूर्वीच घ्यायची असते.