यवतमाळहून समुद्राकडे : सागरी तंत्रज्ञान व बंदर व्यवस्थापनातील विद्यावेतनासह पीएच.डी.

यवतमाळ जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मुंबई येथून साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही या जिल्ह्याचे अर्थकारण शंभराहून अधिक वर्षे समुद्राशी बांधलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद रेल्वेमार्ग टाकला, तो वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचावा म्हणून. पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याची झालेली ही गाडी आता धावत नाही. मात्र कापसाचा भाव आजही जहाजाच्या भाड्याशी जोडलेला आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जावे लागले. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि भाडे वाढले. अशा वाढीचा काही भार निर्यातदाराकडून सरकत सरकत अखेर जिनिंग कारखान्याच्या दारातील शेतकऱ्यापर्यंत येतो.

या साखळीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या तरुणांची आज देशाला गरज आहे. असा अभ्यास करताना पदरचे पैसे खर्च करावे लागत नाहीत, उलट दरमहा विद्यावेतन मिळते, ही गोष्ट जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. पीएच.डी. म्हणजे श्रीमंतांचा किंवा प्राध्यापकांचा उद्योग, असा समज ग्रामीण भागात अजून आहे. पदवीनंतर घरी पैसे पाठवण्याची जबाबदारी असलेला मुलगा किंवा मुलगी त्यामुळे या वाटेकडे पाहतही नाही. ही वाट नेमकी कशी आहे, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

संशोधन कशावर चालते?

या क्षेत्राचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग सागरी तंत्रज्ञानाचा. लाटांचा मारा सोसणारे बांध, बंदराच्या वाटेत साचणारा गाळ, खाऱ्या पाण्यात गंजणारे पोलाद, पाण्याखाली चालणारी मानवरहित वाहने, जहाजांसाठी हरित इंधने असे विषय यात येतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये जहाजवाहतुकीतील हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. तेव्हापासून इंधनविषयक संशोधनाला जगभर जोर आला आहे.

दुसरा भाग बंदरे व मालवाहतुकीच्या नियोजनाचा. कोणते जहाज कोणत्या धक्क्याला केव्हा लावावे, यार्डातील कंटेनर कमीत कमी उचल-ठेव करून कसे रचावेत, बंदरातील माल रेल्वेने किती आणि ट्रकने किती हलवावा, ही सारी गणिते यात येतात. त्यासाठी समुद्र पाहिलेला असण्यापेक्षा गणित, संख्याशास्त्र आणि संगणक यांची जाण महत्त्वाची असते.

‘आमच्याकडे समुद्रच नाही’ ही सबब येथे चालत नाही. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे त्याचे उत्तम उदाहरण. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत, समुद्रापासून दूर सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडे, बंदरांच्या लहान प्रमाणातील प्रतिकृती उभारल्या जातात. त्यांत कृत्रिम लाटा व भरती-ओहोटी निर्माण करून बांध कोठे घालावा, गाळ कोठे साचेल, याचा अंदाज घेतला जातो.

यवतमाळच्या विद्यार्थ्याचा प्रश्न

संशोधनाचा विषय दूर जाऊन शोधावा लागतोच असे नाही. निर्यातीसाठी कापसाच्या गाठी भरायच्या तर कंटेनर लागतो. विदर्भात आयात मालाचे कंटेनर पुरेसे येत नसतील, तर रिकामा कंटेनर बंदरापासून शेकडो किलोमीटर आणावा लागतो. त्या रिकाम्या फेरीचे भाडे कोणीतरी भरतेच. ते कमी कसे होईल, हा साधा वाटणारा प्रश्न जगभरच्या वाहतूक संशोधकांचा आवडता विषय आहे. कंटेनरच्या आत हवेतील बाष्पाचे पाणी होऊन मालावर थेंब पडतात, त्याने गाठी खराब होऊ शकतात, हा आणखी एक विषय. वणी परिसरातील कोळसा आणि जिल्ह्यात पिकणारे सोयाबीन यांच्या वाहतुकीचेही असेच प्रश्न आहेत.

त्यातच परिसराचा नकाशा बदलतो आहे. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथे ड्राय पोर्टच्या प्रकल्पाची पायाभरणी २०१७ साली झाली. ड्राय पोर्ट म्हणजे समुद्रापासून दूर असलेले असे ठिकाण, जेथे सीमाशुल्काची तपासणी उरकून कंटेनर मोहोरबंद केला जातो आणि मग तो रेल्वेने थेट बंदरात जातो. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नियोजित रेल्वेमार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाला. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर यवतमाळच्या मालाने कोणत्या वाटेने जावे, याचे उत्तर अनुभवावरून देता येणार नाही, ते अभ्यासूनच द्यावे लागेल.

दुसऱ्या टोकाला बंदरेही वाढत आहेत. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. आज तेथे वर्षाला वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले जातात. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मान्यता दिली. त्याचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे. तेथील मच्छीमार व आदिवासी समाजाचा या बंदराला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. मासेमारीवर, किनाऱ्यावर आणि उपजीविकेवर होणाऱ्या परिणामांचे प्रामाणिक मोजमाप हेही संशोधनाचेच काम आहे, हे विसरता येत नाही.

देशातील संस्था

सागरी अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग असलेल्या संस्थांमध्ये आयआयटी मद्रास आणि आयआयटी खरगपूर अग्रभागी आहेत. बंदरे, जलमार्ग व किनारे यांसाठीचे राष्ट्रीय तंत्रज्ञान केंद्रही आयआयटी मद्रासमध्येच आहे. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात जहाजबांधणीचा जुना विभाग आहे. २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाचे मुख्यालय चेन्नईला असून मुंबई व नवी मुंबई येथेही त्याची संकुले आहेत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी गोव्यातील दोना पावला येथे १९६६ पासून कार्यरत असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था खोल समुद्रात माणसे नेणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीवर काम करते. पुरवठा साखळी व वाहतूक व्यवस्थापनात रस असणाऱ्यांसाठी मुंबईची पूर्वीची नीटी, म्हणजे २०२३ पासूनची आयआयएम मुंबई, ही महत्त्वाची संस्था ठरते.

पैसे कोण देते?

हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याजोगा आहे. विद्यावेतनाचे मार्ग पुढीलप्रमाणे :

१. राष्ट्रीय पात्रता परीक्षा. सीएसआयआर-नेट किंवा यूजीसी-नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आणि पुढे वरिष्ठ श्रेणीत ४२ हजार रुपये मिळतात. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. त्याखेरीज नियमानुसार घरभाडे भत्ता असतो. समुद्रविज्ञानाकडे जाणाऱ्यांसाठी सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी, वातावरण व महासागर विज्ञानाची प्रश्नपत्रिका आहे. बंदर व्यवस्थापनासाठी यूजीसी-नेटमधील व्यवस्थापन हा विषय उपयोगी पडतो.

२. गेट परीक्षा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी हा राजमार्ग. आयआयटीत प्रवेश मिळाल्यास अध्यापन साहाय्याच्या बदल्यात त्याच धर्तीवर विद्यावेतन मिळते. २०२२ पासून गेटमध्ये नौका वास्तुशास्त्र व सागरी अभियांत्रिकी ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. मात्र स्थापत्य, यंत्र वा विद्युत शाखेच्या प्रश्नपत्रिकेवरही सागरी अभियांत्रिकी विभागांत अर्ज करता येतो. गेटचा निकाल तीन वर्षे ग्राह्य असतो.

३. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती. २०१८ साली घोषित झालेल्या या योजनेच्या पहिल्या टप्प्यात दरमहा ७० ते ८० हजार रुपये दिले गेले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी १० हजार अधिछात्रवृत्त्या देण्याची घोषणा झाली. निवड अर्थातच कठीण असते.

४. प्रकल्पातील पदे. प्राध्यापकांना शासनाकडून वा उद्योगांकडून मिळालेल्या प्रकल्पांत कनिष्ठ संशोधक नेमले जातात. अशा पदावर काम करता करता पीएच.डी.ला नोंदणी करण्याची मुभा अनेक संस्था देतात. या जाहिराती वृत्तपत्रांत क्वचितच येतात, त्यामुळे संस्थांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवावे लागते.

५. सामाजिक न्यायाच्या योजना. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या आहेत. पुसद, दिग्रस भागातील बंजारा समाजाच्या विद्यार्थ्यांना महाज्योतीचा मार्ग खुला आहे. अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाकडून दरवर्षी ७५० राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या दिल्या जातात. याच मंत्रालयाच्या परदेशी शिक्षणाच्या योजनेत वर्षाला २० जागा असून त्यांतील ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम समाज या गटात मोडतो.

परदेशातील वाट

युरोपात परिस्थिती आणखी वेगळी आहे. नॉर्वे, नेदरलँड्स, डेन्मार्क या देशांत पीएच.डी. करणारा हा बहुधा विद्यार्थी नसून विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. ट्रॉन्डहाइम येथील नॉर्वेजियन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचा सागरी तंत्रज्ञान विभाग आणि रॉटरडॅम या युरोपातील सर्वांत मोठ्या बंदराशेजारचे डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठ ही या क्षेत्रातील मोठी नावे. अशा पदांची जाहिरात नोकरीच्या जाहिरातीसारखीच निघते. तिच्यात विषय, मार्गदर्शक, मुदत आणि वेतन स्पष्ट दिलेले असते.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरेट योजनेत कोणत्याही देशाच्या उमेदवाराला अर्ज करता येतो. अट अशी, की ज्या देशात पद आहे तेथे उमेदवाराने मागील तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य केलेले नसावे. यवतमाळच्या विद्यार्थ्याला ही अट अडचणीची नसून सोयीचीच आहे.

तयारी कशी करावी?

पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून तयारी सुरू करणे श्रेयस्कर. गेटचे अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात व परीक्षा फेब्रुवारीत होते. बहुतेक आयआयटींत पीएच.डी. प्रवेश वर्षातून दोनदा होतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांना थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. पीएच.डी.चा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा असतो.

संशोधन प्रस्ताव लिहिताना मोठ्या शब्दांचा मोह टाळावा. ‘भारतातील बंदरांचा विकास’ हा विषय नव्हे, ते पुस्तकाचे नाव झाले. ‘विदर्भातील कापूस निर्यातीसाठी रिकाम्या कंटेनरची उपलब्धता’ हा विषय होऊ शकतो, कारण त्यात मोजण्याजोगे काहीतरी आहे. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी दोन-तीन जिनिंग कारखान्यांना आणि नागपूर परिसरातील कंटेनर डेपोला भेट देऊन प्रत्यक्ष माहिती गोळा केली, तर मुलाखतीत तीच सर्वाधिक कामी येते. संगणकीय आज्ञावलीची एखादी भाषा आणि इंग्रजीत दोन पाने नीट लिहिण्याचा सराव यांना पर्याय नाही.

सावधगिरीचे दोन शब्द

विद्यावेतन मंजूर होणे आणि ते हातात पडणे यांत कधी कधी बरेच अंतर असते. विद्यावेतन रखडल्याने राज्यातील संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागल्याचा अनुभव ताजा आहे. त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधीच करून ठेवावी, आणि कर्ज काढून ठेवू नये. योजनांच्या अटी, जागा व मुदती वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्जापूर्वी संबंधित संस्थेची मूळ जाहिरात वाचावी. परदेशातील ‘हमखास’ पदासाठी शुल्क मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. खरे पगारी संशोधनपद मिळवण्यासाठी कोणालाही दलाली द्यावी लागत नाही.

घरच्यांशी होणारा संवादही महत्त्वाचा. कापूस विकून कॉलेजची फी भरणाऱ्या वडिलांना ‘अजून पाच वर्षे शिकायचे आहे’ हे वाक्य धसका देणारे असते. ती पाच वर्षे बिनपगारी नाहीत, त्यातून थोडेफार घरीही पाठवता येते, हे आकड्यांनिशी समजावून सांगितले तर विरोधाची धार कमी होते. शंभर वर्षांपूर्वी यवतमाळचा कापूस बंदराकडे कोणत्या वाटेने जावा, हे लंडन-मुंबईत बसलेल्या कंपनीने ठरवले. ते ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी आता वणी, पुसद किंवा पांढरकवड्याचा एखादा संशोधकही बसू शकतो. त्याची पहिली पायरी म्हणजे वेळेत भरलेला एक परीक्षा अर्ज.