फिरकीची बुगडी सांडते कशी?

१९५९ साली पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात ‘सांगत्ये ऐका’ लागला आणि १३१ आठवडे चालला. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं! अनंत माने यांचं दिग्दर्शन, व्यंकटेश माडगूळकरांची पटकथा, हंसा वाडकरांचा अभिनय. चित्रपट भक्कमच होता. पण आज ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनाही त्यातली एक लावणी पाठ असते : ‘बुगडी माझी सांडली गं’. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची, आवाज आशा भोसल्यांचा आणि पडद्यावर नाचल्या जयश्री गडकर.

गाण्याची कथा चोरट्या प्रेमाची. शेजारचा तरुण खुणावतो, एके दिवशी घरीच येतो, त्याला बसायला पाट दिला जातो. मग खिल्लारी बैलांची गाडी, अंगावर पिवळी साडी आणि दोघं निघतात. पुढे काय झालं ते माडगूळकर सांगत नाहीत. साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवली, एवढंच कळतं.

इथे दागिन्याकडे जरा निरखून पाहायला हवं. बुगडी कानाच्या वरच्या कडेला, भोक पाडून घालतात. समोर मोती किंवा सोन्याचे मणी, मागून फिरकी. फिरकी नीट आवळलेली बुगडी दिवसभराच्या कामात, डोक्यावरच्या पदरातही जागची हलत नाही. ती सांडली, म्हणजे नेमकं काय घडलं असेल, हे दागिने वापरणाऱ्या प्रत्येक बाईला न सांगता कळतं. घरच्यांना प्रश्न पडेल, त्याला उत्तर नसेल. प्रेमातला सगळा धोका कवीने गुंजभर सोन्यात ठेवला आहे.

हे लिहिणारा कवी मुंबई-पुणे रस्त्यावरच्या ‘पंचवटी’त राहत होता. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला त्याचं ‘गीतरामायण’ ऐकायला घरोघरी माणसं रेडिओभोवती बसत. त्या ५६ गीतांनंतर काही वर्षांतच त्याने ही लावणी लिहिली. सीतेचं दुःख आणि या गावरान पोरीची धास्ती, दोन्ही त्याने सारख्याच मायेने जाणली. माडगूळ्याच्या मातीतली बोली त्याच्या कानात होती, म्हणूनच ही पोर खरी वाटते.

अडचणीतल्या प्रेमाची गाणी सगळीकडच्या गावसंगीतात आहेत. अमेरिकेत कंट्री संगीताचा हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ ला गेला आणि त्यानंतर प्रसिद्ध झालेलं त्याचं ‘युअर चीटिन हार्ट’ घराघरांत पोचलं. तिथे फसवला गेलेला प्रियकर गिटारच्या साथीने एकट्याचं दुःख सांगतो. आपली लावणी वेगळी. ती ढोलकीच्या तालावर, भरल्या फडात म्हटली जाते. बुगडीची नायिका चहाडी करू नका म्हणून विनवते, पण कोणासमोर? बसलेल्या अख्ख्या गावासमोर!

तमाशाची ही ताकद मला फार मोलाची वाटते. ज्या समाजात बाईने आपलं मन उघडपणे बोलायची सोय नव्हती, तिथे लावणीने तिला हजार माणसांपुढे उभं केलं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला तिच्या बाजूने ओढलं. आजही ढोलकी कडाडली की आपण माना डोलावतो. ते ठेक्यासाठी असतंच. पण तिची चुगली आपण करणार नाही, हा शब्दही त्यात असतो.