एका ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका

तळहातांवर, तळपायांवर तांबूस डाग उठतात, पण बहुधा खाजत नाहीत. कपाशीच्या मुलखात संशय आधी फवारणीच्या औषधावर जातो. मलम लावलं जातं, काही आठवड्यांत डाग आपोआप मावळतात आणि उपदंश, म्हणजे गावाकडची गरमी, अंगात तशीच दडून राहते. त्याआधी गुप्तांगावर झालेली जखमही दुखत नाही, म्हणून ती कुणी दाखवत नाही. अशा जखमेतून एचआयव्हीला वाट मिळते. हे दोन आजार एकाच माणसात सापडतात ते त्यामुळेही.

उपदंशासाठी केली जाणारी व्हीडीआरएल ही रक्तचाचणी जंतू शोधत नाही, प्रतिद्रव्यं मोजते. ही प्रतिद्रव्यं अतोनात वाढली तर चाचणीत गुठळ्याच धरत नाहीत आणि ऐन भरातला आजार ‘निगेटिव्ह’ दिसतो. एचआयव्हीग्रस्तांत ही फसगत अधिक होते. तेच रक्तद्रव पातळ करून पुन्हा तपासलं की आजार उघडा पडतो. म्हणून लक्षणं दिसत असतील तर डॉक्टरांनी प्रयोगशाळेला तसं सांगायलाच हवं. उलटही घडतं : कुष्ठरोगात व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं कुष्ठरुग्णांसाठीचं तपोवन ज्या अमरावतीत आहे, तिथे हे विसरून चालणार नाही. खात्रीसाठी टीपीएचए ही दुसरी चाचणी करतात. पण ती बरं झाल्यावरही बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्हच राहते.

इलाज जुना आणि आजही खात्रीचा. बेंझाथिन पेनिसिलिनचा 24 लाख युनिटांचा एक डोस. आजार जुना असेल किंवा किती जुना ते कळत नसेल, तर दर आठवड्याला एक असे तीन. एचआयव्ही असला तरी डोस हाच. नजर अंधूक झाली, ऐकू कमी येऊ लागलं, तर मात्र दवाखान्यात राहून 10 ते 14 दिवस शिरेतून पेनिसिलिन घ्यावं लागतं.

खरी ढिलाई पुढे होते, असं मला वाटतं. इंजेक्शन झालं की रुग्ण निर्धास्त होतो. एचआयव्हीसोबत उपदंश असेल तर 3, 6, 9, 12 आणि 24 महिन्यांनी व्हीडीआरएल पुन्हा करायची असते. रक्तद्रव किती पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते, तो आकडा 1:32 वरून 1:8 वर आला, तर औषध लागू पडलं. तो पुन्हा चौपट चढला, तर लागण नव्याने झाली किंवा उपचार अपुरा पडला.

अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या घ्यायला जाल, तेव्हा या तपासणीचंही विचारा. जोडीदाराची तपासणी आणि उपचारही करून घ्या, नाहीतर लागण परत येते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. काही विचारायचं असेल तर एड्स हेल्पलाइनचा 1097 हा क्रमांक मोफत आहे.