स्वयंचलन आणि हातचे कौशल्य

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठीही एअर इंडियाने हेच स्थळ निवडले आहे. प्रवासी विमान बहुतांश वेळ ऑटोपायलट, म्हणजे स्वयंचलित प्रणाली, चालवते. मग वैमानिकाला हाताने विमान चालवण्याचा सराव कशासाठी, असा प्रश्न आपणांस पडेल.

३१ मे २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचे उदाहरण पाहा. अटलांटिक महासागरावर त्याच्या वेगमापक नलिकांत बर्फकण अडकले. वेगाच्या नोंदी विसंगत झाल्या आणि ऑटोपायलट बंद पडला. वैमानिकाने विमानाचे नाक वर उचलले. त्यामुळे वेग आणि पंखांना मिळणारी उचल दोन्ही घटली. नोंदी सुमारे मिनिटभरात पूर्ववत झाल्या, तरी नाक खाली करून वेग मिळवण्याची मूलभूत कृती झाली नाही. पाच मिनिटांच्या आत विमान समुद्रात कोसळले. २२८ जण मृत्युमुखी पडले. एवढ्या उंचीवर हाताने विमान हाताळण्याचे प्रशिक्षण वैमानिकांना नव्हते, असे चौकशी अहवालाने नोंदवले.

यंत्र काम हाती घेते, तेव्हा आपला सरावही घेते. लेखनातही हेच घडते. केवळ शब्दकोश पाहून शुद्धलेखन तपासणारी प्रणाली 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द स्वीकारते. अर्थानुसार निवड लेखकालाच करावी लागते.

सराव : अमरावती-अकोला परिसरातील कोणते कौशल्य यंत्राच्या सवयीने मागे पडले आहे? दहा ओळी हाताने लिहा आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासा.